गोदावरीचा गाळ समुद्राला कधी आणि कसा पोहोचतो

गोदावरीत पाणी कमी-जास्त प्रमाणात बारा महिने असते. माती मात्र तिच्यातून वर्षातले मोजके दिवसच वाहते. जूनच्या पहिल्या सरींपासून ऑक्टोबर संपेपर्यंत वर्षभरातला नव्वद टक्क्यांहून जास्त गाळ समुद्राकडे गेलेला असतो, आणि त्यातलाही मोठा वाटा दोन-चार मोठ्या पुरांचा असतो. त्यामुळे ‘ही नदी वर्षाला इतके टन गाळ वाहते’ हा आकडा बरोबर असला तरी त्याला बाराने भागून महिन्याचा गाळ काढता येत नाही. एखाद्या कोरड्या वर्षी तर नदी पुढच्या वर्षासाठी बराचसा माल वाटेतच टाकून ठेवते.

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर ही नदी उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. पण नदी पूर्वेकडे वळते आणि १४६५ किलोमीटर चालून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. उगम समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा थोडा वर आहे, तर नाशिक शहर ६०० मीटरच्या आत. म्हणजे निम्म्याच्या आसपास उतार पहिल्या काही किलोमीटरांतच संपतो. उरलेल्या सुमारे १४०० किलोमीटरांत नदीला दर किलोमीटरमागे सरासरी अर्धा मीटरसुद्धा उतार मिळत नाही. इतक्या सपाट वाटेवरून दगड फार दूर जात नाहीत. वाळू थांबत थांबत जाते आणि बारीक माती पाण्याबरोबर सरळ निघून जाते. गाळाच्या प्रवासातल्या बहुतेक गोष्टी या एका फरकाकडे येऊन थांबतात.

माती सुटते कुठून

गोदावरीच्या पाणलोटाचे क्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरांहून मोठे आहे, आणि त्यातला जवळपास निम्मा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर आहे. बेसाल्ट कुजून जी काळी माती होते तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातल्या शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस आधी या भेगा पिऊन टाकतो, म्हणून बऱ्याचदा पहिल्या सरीला ओढ्याला पाणीच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसात माती फुगते, भेगा मिटतात, वरचा थर चिकट होऊन पाणी आत घेईनासा होतो आणि मग पाणी वरून पळू लागते.

ते पळायच्या आधीच अर्धे काम झालेले असते. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या, नांगरलेल्या रानात तो मातीची ढेकळे फोडतो आणि सुटे कण उडवतो. ते कण सगळीकडून येणाऱ्या पातळ पाण्यात मिसळतात. हे पाणी सरीतून ओघळीत, ओघळीतून नाल्यात आणि नाल्यातून ओढ्यात जाते. जून महिन्यात शेत उघडे असते, पेरणी नुकतीच झालेली किंवा व्हायची असते. थेंबाचा मार झेलायला वर पान नसते. तोच पाऊस सप्टेंबरमध्ये पडला तर कपाशी, तूर, सोयाबीन यांनी जमीन झाकलेली असते आणि धूप खूप कमी होते. धूप रोखायचे उपाय उतारावर जुलैमध्ये करून फारसा उपयोग नाही, ते मेअखेरपर्यंत झालेले असावे लागतात, त्याचे कारण हेच.

गाळाचा दुसरा मोठा स्रोत म्हणजे नदीचे स्वतःचे काठ आणि पात्र. पूर ओसरताना भिजलेला काठ पाण्याचा आधार गमावतो आणि कोसळतो. नदीकाठच्या मळईच्या जमिनी अशाच तुटतात. पूर चढत असताना फारसे काही होत नाही, पाणी उतरू लागले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडा खाली येतात.

कणाचा आकार ठरवतो तो कुठे जाईल

गाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच गढूळ पदार्थ येतो. प्रत्यक्षात त्यात निरनिराळ्या आकाराचे कण असतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी. स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला कुणाला किती वेळ लागतो ते पाहा. एक मिलिमीटरची जाड वाळू सात-आठ सेकंदांत बसते. ०.२ मिलिमीटरची बारीक वाळू पाऊण मिनिट घेते. ०.०२ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला पाऊण तास लागतो. आणि ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ तीन दिवस. आकार दहापट लहान झाला की बारीक कणांचा बसण्याचा वेग शंभरपट घटतो.

आता वाहत्या नदीचा विचार करू. पुरात पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने चालले, तर दिवसात सुमारे १३० किलोमीटर जाते. चिकणमातीचा कण एकदा पाण्यात मिसळला की पाण्यातल्या भोवऱ्यांमुळे खाली बसतच नाही. वाटेत धरण नसते तर नाशिकची माती दहा-बारा दिवसांत समुद्रात गेली असती. वाळूचा कण मात्र तळाशी उड्या मारत जातो, थोडे अंतर गेला की पुन्हा पडतो, तळावर वाळूच्या लाटा तयार होतात आणि त्या लाटा एकेका पुरात थोड्या पुढे सरकतात. पूर संपला की वाळू जिथे आहे तिथेच थांबते, थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. उगमाकडची वाळू मुखापर्यंत यायला अनेक दशके, कदाचित शतकेही लागतात. गोटे तर सह्याद्रीच्या पायथ्याशीच बरेचसे अडकतात आणि तिथे घासून लहान होतात.

इथे एक उलटे वाटणारे सत्य आहे. सगळ्यात हलका कण सगळ्यात सहज उचलला जायला हवा, पण तसे होत नाही. सुटी बारीक वाळू तळावरून हलवायला सेकंदाला वीस सेंटिमीटरच्या आसपासचा वेग पुरतो. चिकणमाती एकदा बसून घट्ट झाली की तिचे कण एकमेकांना धरून ठेवतात, आणि ती परत उचलायला कित्येक पट जास्त वेग लागतो. तलावाच्या तळाशी जमलेला चिकण गाळ दरवाजे उघडले तरी आपोआप वाहून जात नाही, तो याच कारणाने.

याशिवाय नदी जे विरघळवून नेते ते डोळ्यांना दिसत नाही. जानेवारीतले नितळ पाणीसुद्धा लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम क्षार नेत असते: बेसाल्टमधून निघालेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका. हे काम मात्र बारा महिने चालते.

वर्षाचा हिशेब

उन्हाळ्यात मराठवाड्यातली गोदावरी ही डोहांची साखळी असते. मधल्या पात्रात वाळू उघडी पडते, डोहांच्या तळाशी मऊ राड जमलेली असते. मुखाकडे उलटे घडते: वरून येणारे पाणी आटल्यामुळे भरतीचे खारे पाणी नदीच्या फाट्यांमधून वर चढते आणि समुद्रातली बारीक माती आत आणून टाकते. म्हणजे मे महिन्यात मुखाजवळचा गाळ काही प्रमाणात समुद्राकडून नदीकडे येत असतो.

जूनमधला पहिला पूर पाण्याच्या मानाने लहान, पण गाळाच्या मानाने जड असतो. आठ महिने शेतांत, नाल्यांत, पात्रात सुटी झालेली सगळी माती एकदम उचलली जाते. म्हणून गाळाचे शिखर पाण्याच्या शिखराच्या आधी येते. पाणी चढत असतानाच ते सर्वांत गढूळ असते आणि पूर शिगेला पोहोचेपर्यंत वरचा सुटा माल संपलेला असतो. एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) पाणी जूनमध्ये असेल आणि तेवढेच सप्टेंबरमध्ये असेल, तरी दोन्हींतला गाळ सारखा नसतो. नदीचा फक्त प्रवाह मोजून गाळाचा अंदाज बांधणारी सूत्रे इथेच चुकतात.

जुलै-ऑगस्ट हा खरा वाहतुकीचा काळ. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरतात आणि छत्तीसगड, विदर्भ, तेलंगणाकडे सरकतात. त्यांच्या वाटेतच गोदावरीच्या मोठ्या उपनद्या आहेत. वैनगंगा, वर्धा आणि पैनगंगेचे पाणी घेऊन येणारी प्राणहिता, बस्तरमधून येणारी इंद्रावती, ओडिशाकडून येणारी शबरी. एकट्या प्राणहितेचे पाणलोट क्षेत्र सगळ्या खोऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे आहे. गोदावरीचे पाणी आणि गाळ मुख्यतः या पूर्वेकडच्या उपनद्यांतून येतो. पैठण, नांदेडची गोदावरी लांबीने मोठी असली तरी पर्जन्यछायेत आहे, पैठणच्या बाजूला वर्षाला ६००-७०० मिलिमीटर पाऊस मिळाला तरी पुष्कळ झाले.

पाणी दुप्पट झाले की गाळ दुप्पट होऊन थांबत नाही, साधारण तिप्पट ते सहापट होतो. कारण जास्त पाणी म्हणजे जास्त वेग, जास्त खोली, काठांवर जास्त ओढ, आणि एरवी तळाशी पडलेली वाळूही वर उचलली जाते. म्हणून मोठे पूर हिशेब बदलून टाकतात. ऑगस्ट १९८६ मध्ये धवळेश्वरम बंधाऱ्यावरून सुमारे ३५ लाख क्युसेक पाणी गेले. भद्राचलमला पातळी ७५.६ फुटांवर पोहोचली होती. जुलै २०२२ मध्ये तिथेच ७१.३ फूट नोंद झाली.

आकड्याने पाहू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. दहा लाख क्युसेकचा पूर असेल आणि पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम गाळ असेल, तर दर सेकंदाला २८ टन गाळ पुढे जातो. दिवसभरात ते साडेचोवीस लाख टन होतात. पंधरा टनांचे ट्रक धरले तर एका दिवसात एक लाख साठ हजारांहून जास्त ट्रक. लिटरमागे एक ग्रॅम म्हणजे चहाच्या एका कपात चिमटीभर. पाणी भरपूर असले की तेवढ्यानेही एवढा डोंगर सरकतो.

ऑक्टोबरात हस्ताचा पाऊस संपला की नदी मागे सरते आणि ओझे टाकू लागते. आधी जाड वाळू, वळणांच्या आतल्या बाजूला आणि पात्राच्या रुंद भागांत. मग बारीक वाळू, तिच्यावर पोयटा, आणि शेवटी काठावरच्या सखल जागी चिकणमातीचा पातळ थर. पूर ओसरलेल्या काठावर फावड्याने हातभर खड्डा खणला तर असे थर एकावर एक दिसतात: खाली जाड, वर बारीक. पुन्हा जाड थर लागला तर तो आधीच्या वेगळ्या पुराची खूण. काठच्या भाजीपाल्याच्या मळ्यांना सुपीक करणारा हाच वरचा थर. धरणांच्या फुगवट्यातून पाणी मागे हटल्यावर उघड्या पडणाऱ्या ओल्या जमिनीत जी गाळपेर होते, तिचाही आधार हाच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उपसागरात चक्रीवादळ आले तर मुखाकडच्या जिल्ह्यांत एक शेवटची लाट येते. त्यानंतर नदी निवळते.

मोजतात कसे, आणि चूक कुठे होते

केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रे देशभरच्या नद्यांवर आहेत. पद्धत सोपी वाटते. पात्राचे रुंदीत भाग पाडतात, प्रत्येक भागात खोली आणि वेग मोजतात, आणि पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पट खाली बाटली सोडून पाण्याचा नमुना घेतात. त्यासाठी ‘पंजाब बाटली’ नावाचे साधन वापरतात. मग तो नमुना चाळणीतून काढतात. ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण ‘जाड’, ०.०७५ ते ०.२ मिलिमीटरमधले ‘मध्यम’ आणि त्याहून लहान ते ‘बारीक’. वाळवून वजन करतात आणि ग्रॅम प्रतिलिटरमध्ये मांडतात. वेग, क्षेत्र आणि प्रमाण यांचा गुणाकार केला की दिवसाचा गाळ मिळतो.

पहिली चूक वेळेची. नमुना दिवसातून एकदा घेतला जातो आणि पुराचे शिखर रात्री येऊन गेले तर सगळ्यात महत्त्वाचे तास हुकतात. दुसरी चूक जागेची. चिकणमाती पाण्यात वरपासून खालपर्यंत जवळपास सारखी असते, पण वाळू तळाकडे दाट असते. पूर जोरात असताना बाटली हवी तितकी खाली जात नाही, वरच्या पाण्यातूनच भरते आणि वाळू कमी मोजली जाते. तिसरी चूक सर्वांत मोठी: तळाशी घरंगळत जाणारा गाळ बाटलीत येतच नाही. बहुतेक ठिकाणी तो प्रत्यक्ष मोजत नाहीत, तरंगत्या गाळाच्या दहा-पंधरा टक्के धरून चालतात. किनाऱ्याला हवी असते ती नेमकी हीच वाळू. सगळ्यात ढोबळ अंदाज सगळ्यात महत्त्वाच्या मालाचा आहे, ही गोष्ट आकडे वाचताना विसरू नये.

घरी करून पाहायचे असेल तर पुराच्या दिवसांत नदीत उतरू नका. गावातल्या ओढ्याचे किंवा शेतातून वाहणारे पाणी सुरक्षित जागेवरून बादलीने घ्या. एक लिटरची पारदर्शक बाटली भरा, हलवा आणि ठेवा. मिनिटभरात तळाशी जी रेघ दिसते ती वाळू. तासाभरात तिच्यावर जमते तो पोयटा. दुसऱ्या दिवशीही वरचे पाणी दुधाळ असेल तर ती चिकणमाती. आता त्याच पाण्याची दुसरी बाटली भरून तीत चमचाभर मीठ विरघळवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. मिठाची बाटली आधी निवळेल. नदी समुद्राला मिळते तिथे काय होते ते या दोन बाटल्यांत दिसते.

धरणात काय अडकते

१९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन तरंगता गाळ मुखाकडे नेत होती. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला. नदीत वर्षाला सरासरी ११० अब्ज घनमीटर पाणी धरले तर लिटरमागे सुमारे १.४ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमवर. या मधल्या काळात पैठणचे जायकवाडी (१९७६), तेलंगणातले श्रीराम सागर, आणि उपनद्यांवरची कितीतरी लहान-मोठी धरणे उभी राहिली.

श्रीराम सागरची मूळ साठवण क्षमता ११२ टीएमसी होती (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). आज ती सुमारे ८० टीएमसी धरली जाते. म्हणजे सुमारे ९० कोटी घनमीटर जागा पाण्याऐवजी गाळाची झाली. धरणातल्या ताज्या गाळाचे वजन घनमीटरमागे एक टनाच्या थोडे वर असते, तेव्हा हा सुमारे १०० कोटी टन माल झाला.

गाळ धरणाच्या तळातल्या ‘मृत साठ्यात’ बसतो, त्यामुळे वापराच्या पाण्याला धक्का लागत नाही, असा समज पुष्कळांचा आहे. तो चुकीचा आहे. नदीचे पाणी जलाशयाच्या शेपटीला पोहोचताच वेग मरतो आणि जाड वाळू तिथेच पडते, भिंतीपासून कित्येक किलोमीटर लांब, वापराच्या साठ्याच्या पातळीवर. तिथे पाण्याखाली एक छोटा त्रिभुज प्रदेश तयार होतो आणि दरवर्षी थोडा भिंतीकडे सरकतो. फक्त बारीक चिकणमाती भिंतीपर्यंत येते. शिवाय शेपटीकडे पात्र उथळ झाल्यामुळे वरच्या गावांना पुराची पातळी वाढते, आणि ते पाणी कुठून आले हे लवकर उमगत नाही.

उपाय आहेत, पण प्रत्येकाला किंमत आहे. सगळ्यात सरळ विचार असा की जूनचे गढूळ पाणी दरवाजांतून जाऊ द्यावे आणि नंतरचे निवळ पाणी साठवावे. चीनमध्ये पीत नदीवरच्या सानमेनशिया धरणाचे काम या तत्त्वावर बदलावे लागले, कारण धरण बांधल्यावर काही वर्षांतच ते गाळाने भरू लागले होते. मराठवाड्यात हे करणे कठीण. इथे जुलैत सोडलेले पाणी सप्टेंबरमध्ये परत येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि धरण अर्धे रिकामे राहिले तर त्याचा जाब अभियंत्याला द्यावा लागतो. लहान तलावांत मात्र उपसणे परवडते. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे, तिच्यातून निघालेला गाळ शेतात जातो. मुरमाड, हलक्या रानात तो खरोखर उपयोगी ठरतो. आधीच भारी काळ्या रानात जाड थर टाकला तर निचरा बिघडतो आणि पीक पिवळे पडते. टाकण्याआधी मातीची तपासणी करावी, आणि थर पातळ ठेवून नांगराने खालच्या मातीत मिसळावा.

वाळूउपशाचा परिणाम वेगळा. धरण बारीक गाळ थोडाफार तरी पुढे जाऊ देते. पण पात्रातून वाळू काढली की जी दशकानुदशके सरकत समुद्राकडे निघाली होती तीच नाहीशी होते. खोल खड्डा पडला की पुरात त्या खड्ड्याचा वरचा काठ तुटत मागे सरकतो, आणि कधी पुलाच्या पायापर्यंत पोहोचतो. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची पाहणी करून, नदीने खरोखर किती वाळू परत भरली ते पाहून उपसा ठरवायला सांगितले आहे. नियम योग्य आहे. फक्त पावसाळ्यानंतरची पाहणी प्रामाणिकपणे झाली पाहिजे, कारण कोरड्या वर्षी नदी काहीच भरून देत नाही.

मुखाशी

पापीकोंडाच्या डोंगरांतून गोदावरी अरुंद होऊन येते, राजमहेंद्रीजवळ एकदम रुंद होते आणि धवळेश्वरमला गौतमी आणि वसिष्ठ या मुख्य फाट्यांत विभागते. इथला मूळ बंधारा आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पूर्ण केला, आज त्याच्या जागी दरवाजांचा नवा बंधारा आहे. तो उंच धरण नव्हे, पुरात दरवाजे उघडून पाणी पुढे सोडतात, म्हणून पुराचा तरंगता गाळ तो फारसा अडवत नाही. बंधाऱ्याखाली सुरू होणारा त्रिभुज प्रदेश सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरांचा आहे आणि तो सगळा नदीनेच आणून टाकलेला.

गोडे आणि खारे पाणी भेटते तिथे चिकणमातीचे वागणे बदलते. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सुटे राहतात. खाऱ्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे धन भार हे ढकलणे झाकून टाकतात. मग कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे पुंजके बनतात. पुंजका मोठा, म्हणून तो लवकर बसतो. पावसाळ्यात घराघरांत पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवून किंवा निवळीच्या बिया उगाळून पाणी निवळत असत. त्यामागची युक्ती हीच. समुद्राचे मीठ नदीच्या मुखाशी तुरटीचे काम करते.

पण मोठ्या पुरात नदी खारे पाणी पार बाहेर ढकलते. गोडे पाणी हलके, त्यामुळे ते समुद्राच्या जड पाण्यावर पसरते आणि उपग्रहाच्या चित्रात किनाऱ्यापासून आत गेलेला तपकिरी पंखा दिसतो. त्या वेळी पुंजके मुखात न बनता बाहेर, उथळ समुद्रात बनतात आणि गाळ दूरवर पडतो. लहान पुरांचा गाळ खाडीत आणि कांदळवनांत राहतो, मोठ्या पुरांचा समुद्रात जातो. मुखाजवळच्या कोरिंगाची कांदळवने वाढली ती त्या शांत, आत राहिलेल्या चिखलावर.

वाळू मात्र मुखातच पडते, आणि मग ती लाटांच्या हाती जाते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आंध्रच्या किनाऱ्यावर लाटा तिरप्या येतात आणि वाळूला उत्तरेकडे ढकलतात. हिवाळ्यात काही काळ दिशा उलटते, पण वर्षाचा ताळेबंद उत्तरेकडचा राहतो. काकिनाड्यासमोरचे होप बेट म्हणजे गोदावरीच्या वाळूचा असा लांबच लांब बांध. आतली काकिनाड्याची खाडी त्याच्या आडोशाला शांत असते.

पश्चिम किनाऱ्याच्या नद्यांचे तसे होत नाही. सावित्री, वाशिष्ठी यांची लांबी कमी, उतार तीव्र, आणि मुखाशी बुडालेल्या दऱ्यांच्या खोल खाड्या. त्यांचा गाळ खाडी भरण्यात संपतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतला गाळ काढण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. घाटमाथ्यावर अतिवृष्टी आणि खाली भरती एकाच वेळी आली की तिथे पाणी तुंबते, आणि वेग मेला की गाळ शहराजवळच बसतो.

गाळ कमी झाल्याचा परिणाम गोदावरीच्या मुखाशी मोजला गेला आहे. १९७६ ते २००१ या काळात त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडच्या कडेने सुमारे १८०० हेक्टर जमीन निव्वळ गमावली. काही भागांत भर पडली, काही भागांत खूप जास्त गेली. काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा गावाचा किनारा तर वर्षानुवर्षे तुटतो आहे, घरे आणि रस्ते लाटांनी नेले आहेत. त्रिभुज प्रदेशाची माती स्वतःच्या वजनाने दबत असते, म्हणून नुसते जागच्या जागी टिकायलाही तिला दरवर्षी वरून नवा थर लागतो.

वरच्या भागात माती अडवा म्हणायचे आणि खाली माती हवी म्हणायचे, हे परस्परविरोधी वाटेल. पण दोन्ही मागण्या वेगवेगळ्या मालाच्या आहेत. शेतातून जाते ती मुख्यतः चिकणमाती आणि सेंद्रिय कस, ती बांधात, गवतात, पिकाखाली राहिली तर शेतकऱ्याचे भले आणि धरणाचेही. समुद्रकिनाऱ्याला हवी ती वाळू, आणि ती पात्रातली आहे. वाळूला पुढे जाऊ द्यायचे आणि शेतीची माती जागेवर ठेवायची, या दोन्ही गोष्टी एकाच खोऱ्यात शक्य आहेत. आज नेमके उलटे घडते: शेताची माती सुटते आणि वाळू अडते.

समुद्रात गेलेल्या मातीची नोंद तळाशी राहते. गोदावरीच्या मुखासमोर तळाखाली गाळाचे कित्येक किलोमीटर जाडीचे थर आहेत. त्यांतल्या सेंद्रिय द्रव्यापासूनच कृष्णा-गोदावरी खोऱ्याचा नैसर्गिक वायू तयार झाला. २००६ मध्ये इथल्या समुद्रतळात खोदकाम झाले तेव्हा गॅस हायड्रेटचे (बर्फासारख्या घन रूपात अडकलेल्या वायूचे) साठे मिळाले, आणि त्याच मोहिमेत गेल्या काही हजार वर्षांच्या गाळाचे लांब गाभेही (नळीने काढलेले उभे नमुने) वर आले. त्यांतल्या एका गाभ्यात वरच्या थरांकडे येताना बेसाल्टवरच्या मातीचा अंश वाढत जातो आणि गाळ साचण्याचा वेगही वाढतो. हा बदल साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी सुरू होतो. पाऊसमान कमी होऊन दख्खनचे जंगल विरळ होण्याचा हा काळ, आणि प्रवरेकाठी दायमाबाद, जोर्वे, नेवासे इथे शेती करणाऱ्या वस्त्या उभ्या राहण्याचाही. त्या शेतांतून धुपलेली काळी माती आजही उपसागराच्या तळाशी आहे, आणि तिच्या वरच्या थरांत आपल्या काळातली भर पडते आहे.